पाहुण्याला मुद्दाम कच्चं वाढलं

मंडळी, मी सांगतेय आणि नात मुक्ता टाइप करतेय. मी फारशी शिकलेली नाही, पण आज एक सूड उगवला, तो सांगितल्याशिवाय झोप लागायची नाही.

गेल्या रविवारी बालाजी घाटाकडचं एक स्थळ मुक्ताला बघायला आलं. मुलगा कॉम्प्युटरवाला. "मला कॉम्प्युटरच्या सहा भाषा येतात, तुला फक्त सी?" म्हणून सगळ्यांसमोर हसला. पोरगी कॉलेजच्या लायब्ररीसाठी प्रोग्राम लिहीत होती, तो तिने अर्धवट टाकला आणि जावा नावाच्या दुसऱ्या भाषेच्या क्लासची चौकशी करत सुटली. माझं डोकंच फिरलं.

आज त्याला आईसकट जेवायला बोलावलं. अर्धा शिजलेला भात, दाताखाली कचकचणारी डाळ, आतून ओली पुरी, असे सहा पदार्थ वाढले.

"आजी, हे सगळं कच्चं आहे!"

"असू दे रे बाबू, तू प्रकार मोज. सहाच्या सहा येतात मला."

त्याची आई भडकली, "ही काय थट्टा?"

"थट्टा तुमच्या चिरंजीवांनी सुरू केली. विचारा त्यांना, सहांपैकी एकीत तरी पुरा प्रोग्राम केलाय का?"

"क्लास केलेत सगळे," तो ताटाकडे बघत पुटपुटला.

स्थळ गेलं. सून माझ्याशी बोलत नाही. मुक्ता मात्र हे पाठवून लायब्ररीच्या कामाला बसणार आहे.

तुम्ही खुशाल दहा भाषा शिका. पण एकीत तरी काही पुरं केलंत का, ते खरं लिहा. खोटं लिहिणाऱ्याला मी जेवायला बोलावीन.