आईचा संजाक

अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत असताना मी विद्यापीठाच्या नकाशांच्या विभागात अर्धवेळ काम करायचे. खिडकीबाहेर तासन्‌तास बर्फ पडायचं. मी नकाशातल्या नद्यांवरून बोट फिरवत बसायचे आणि मनाने भलतीकडेच पोचलेली असायचे.

त्या हिवाळ्यात सत्तरीचे एक आजोबा दर मंगळवारी यायचे. त्यांची आई नुकतीच गेली होती. तुर्कस्तानातून ती लहानपणीच इकडे आलेली. तिच्या थडग्याच्या दगडावर तिचं गाव कोरायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आईने त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, गावाचं नाव आणि संजाक. संजाक म्हणजे तिकडचा जुना जिल्हा, आता नकाशातून गेलेला.

"आणि तालुका?" मी विचारलं. आमच्याकडे मु. पो., ता., जि. लिहिल्याशिवाय माणसाचा पत्ताच पुरा होत नाही! आजोबांनी पुढचा नकाशा ओढून घेतला.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका पिवळ्या पडलेल्या नकाशात तो संजाक सापडला. माझा जीव भांड्यात पडला. पण त्यात आईने सांगितलेल्या नावाशी जुळणारी, थोड्या वेगवेगळ्या नावांची तीन गावं निघाली.

"नदीकाठचं घ्या ना," मी म्हटलं. मला मेलीला सगळ्याचीच घाई.

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "आईला चुकीच्या गावी कसं पाठवू?"

मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून बाबांची गोष्ट सांगितली. आमचा तालुका भंडाऱ्यातून काढून नव्या गोंदिया जिल्ह्यात घातला, तरी बाबा हट्टाने पाकिटावर जि. भंडारा असंच लिहितात. मीही तसंच लिहिते आणि पत्रं पोचतात.

"पोचतात?" त्यांनी दोनदा विचारलं. मग कागदावर संजाकाचं नाव नीट उतरवून घेतलं आणि गेले. त्यानंतर मंगळवारी ते आलेच नाहीत.

उन्हाळ्यात विभागाच्या पत्त्यावर माझ्यासाठी एक फोटो आला. हिरवळीत करडा दगड, त्यावर आईचं नाव, खाली संजाक. दोन्हींच्या मध्ये एका ओळीची जागा कोरी होती. फोटोमागे आजोबांनी लिहिलं होतं, "कारागिराला सांगून ठेवलंय, मी अजून शोधतोय."