पंचमीचं अंडं

आमच्या हिला, म्हणजे बीश्याला, आमचं अख्खं तुंगकांग गाव ‘हात-वर बाई’ म्हणून ओळखतं. बंदराजवळच्या शाळेत ती पाचवी-सहावीला विज्ञान शिकवते आणि तिच्या वर्गात उत्तर सांगायला बंदी आहे, तिला स्वतःलासुद्धा. प्रश्न फळ्यावर लिहायचा, कोणाला काय वाटतं त्यावर हात वर करायचे, मग मनसोक्त भांडायचं, दुसऱ्याचं पटलं तर खुशाल बाजू बदलायची आणि शेवटी ती गोष्टच करून बघायची. मी वांगये देवाच्या देवळासमोर कालवं घातलेली ऑम्लेटं विकतो. दमून घरी येऊन विचारावं, आज जेवायला काय, तर ही म्हणते, "तुम्हाला काय वाटतं?" वैताग येतो हो माणसाला!

ही खोड लहानपणापासूनची. चंद्राकडे बोट दाखवलं की चंद्र कान कापतो, हे आमच्याकडे प्रत्येक पोराला ऐकवतात. हिनेही ऐकलं आणि त्याच संध्याकाळी गच्चीवर जाऊन चंद्राकडे बोट रोखून बसली. सकाळी कान जागच्या जागी. एका रात्रीत काय कळणार, म्हणून बाईसाहेब चंद्र दिसेल तितके दिवस बोट दाखवत राहिल्या. शेवटी कानामागे चिरलं ते हिच्या धाकट्या बहिणीच्या, जिने भीतीने चंद्राकडे नुसतं पाहिलंही नव्हतं! सासूबाई ही गोष्ट तक्रार म्हणून सांगायच्या. मला ती ऐकूनच मुलगी पसंत पडली.

तर यंदाची गोष्ट. आमच्या चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्यातल्या पंचमीला, भर दुपारी बारा वाजता, आमच्याकडे कच्चं अंडं टोकावर उभं करतात. ज्याचं उभं राहील त्याचं वर्ष चांगलं. देवळाच्या अंगणात ही गर्दी! माझ्या ठेल्यासमोरच पाचवीतली मिनचू बसली होती. तिचे वडील दूरच्या समुद्रात ट्यूना मासे पकडणाऱ्या बोटीवर. वर्ष उलटून गेलं, माणूस घरी नाही. पोरीने बाबांच्या नावाने अंडं धरलं होतं. ते पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. आजूबाजूला लोक टाळ्या वाजवत होते आणि मिनचूचं काही केल्या उभं राहीना. बाराची वेळ टळली तशी तिची आजी कडाडली, "बापाच्या नावाचं अंडं आणि धड धरता येईना तुला! आता त्याचं काय होतंय ते त्या समुद्रालाच माहीत."

मुलाच्या काळजीने म्हातारी बोलून गेली, कळतं मला. पण पोरीचा चेहरा पाहवेना.

सुट्टी संपून शाळा भरली आणि मिनचूने वर्गात विचारलं, "बाई, पुढच्या पंचमीपर्यंत अंडं उभं करताच येत नाही ना?"

"नाहीच येत!" सगळा वर्ग ओरडला.

आमच्या हिने फळ्यावर लिहिलं: पंचमी नसताना अंडं उभं राहील का? हात वर करा. ‘नाही’वर सगळेच्या सगळे हात. मग ‘का नाही’ यावर लागलं भांडण. त्या रात्री ताटातलं निवत होतं आणि ही हातवारे करून मला सांगत होती. चोंगशेन नावाचा एक बोलघेवडा आहे, तो म्हणाला, "पंचमीला सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, तो अंड्याला वर ओढतो."

"मग तुझी टोपी का नाही ओढली रे?" मागून एक मुलगी म्हणाली.

"टोपी हलकी आहे!"

"हलकी तर आधी उडायला पाहिजे, शहाण्या!"

वर्ग हसून हसून लोळला. आणि त्या गोंधळात मिनचू हळूच म्हणाली, "पण बाई, पंचमी सोडून दुसऱ्या दिवशी कोणी करून पाहिलंय का?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एकानेही कधी करून पाहिलं नव्हतं. त्यांच्या आईबापांनीही नाही. पंचमीला अर्धा-अर्धा तास चिकाटीने धरून बसायचं आणि एरवी अंडं घेतलं की थेट तव्यात!

"अहो, तिने विचारलं, तिने!" आमची ही अक्षरशः टाळ्या वाजवत होती. "मी एक शब्द बोलले नाही!"

मग पोरांनीच ठरवलं. अंडी पंचमीला घेतली त्याच दुकानातली, टेबल सपाट, धरायची चिकाटी तेवढीच. बदलायचा तो फक्त दिवस. बारा वाजता नको, सकाळी दहाला. आणि ऊन नसलं तर फारच उत्तम, म्हणजे चोंगशेनला पळवाट नको.

मी म्हटलं, "आणि नाहीच राहिलं तर? दुसऱ्यांदा पडलं तर ती पोर कोसळेल."

"माहितेय," ती म्हणाली. "मलाही तीच धास्ती आहे."

"मग चिमूटभर मीठ टाक खाली. मिठावर कसलंही अंडं उभं राहतं. कोणाला कळतंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने भांडी घासायला गेलो.

ठरलेल्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मी अंड्यांचे ट्रे घेऊन शाळेत पोचलो आणि कोण काय म्हणेल ते म्हणो, तिथून हललो नाही. बातमी गावभर झालेली. खिडक्यांबाहेर आया, आज्या, आणि सगळ्यांत पुढे छत्री टेकून मिनचूची आजी.

"आधी बोटाने चाचपा," ही म्हणाली. "अंडं गुळगुळीत आहे का?"

"नाही, खरखरीत आहे!" भिंगातून पाहत एकजण ओरडला. "बारीक बारीक उंचवटे आहेत!"

"स्टुलाला तीन पाय असतात ना, तसे तीन उंचवटे टेकले तर..." दुसरी म्हणाली.

"तर काय ते बोलू नका. करून बघा."

टेबलांवर माना वाकल्या. एक पडलं, दुसरं पडलं, एक फुटलं. आणि अचानक किंकाळी! उभं राहिलं ते चोंगशेनचं. सूर्यवाल्या चोंगशेनचं! तो हात वर करून म्हणाला, "बाई, मी बाजू बदलली!" मग खिडकीजवळ एक, कोपऱ्यात एक, असं करत सगळीकडे आरडाओरडा. मीसुद्धा ओरडलो.

मिनचूचं मात्र राहीना. बीश्या शेजारी जाऊन उभी राहिली, पण अंड्याला हात लावला नाही. नुसतं म्हणाली, "घाई नाही." पोरीने डोळे मिटले, बोटांनीच अंदाज घेतला, आणि एकेक बोट सोडलं.

उभं!

"मिनचू, तुझे बाबा येणार!" वर्ग बेभान झाला. आजीने छत्री टाकून देवळाच्या दिशेने हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपवायचं ना तिथे? पण नाही. आमची ही म्हणते कशी, "हात वर करा. अंडं उभं राहिलं म्हणून मिनचूचे बाबा सुखरूप आहेत, असं कोणाकोणाला वाटतं?"

असा राग आला मला तिचा! सगळ्या वर्गाने हात वर केले, खिडकीतून आजीने केला, मीही केला. मिनचूचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला.

"बाई," ती सावकाश म्हणाली, "चोंगशेनने तर कोणाच्याच नावाने धरलं नव्हतं. तरी राहिलं."

"बरं. मग?"

"मग अंड्याला नाव कळत नाही." ती विचार करत होती, आम्हाला दिसत होतं. "माझं आज राहिलं त्याचा बाबांशी काही संबंध नाही. मग... मग पंचमीला पडलं त्याचाही नाही."

तिचा हात खाली आला. सरळ उभ्या अंड्याकडे आला.

"अगं, नको! हात लावू नकोस!" आजी किंचाळली.

मिनचूने बोटाने टिचकी मारली. अंडं आडवं झालं, टेबलावर गोल फिरलं आणि थांबलं. तिने खिडकीकडे पाहिलं.

"आजी, बघ ना. नुसतं अंडं पडलं."

म्हातारीने त्या आडव्या अंड्याकडे पाहिलं. मग वळसा घालून दारातून आत आली, टेबलाशी उभी राहिली आणि आपलं वाकडं बोट पुढे करून तिने चोंगशेनचं अंडं पाडलं.

"ओ आजी, माझं होतं ते!" चोंगशेन ओरडला.

"गप रे," डोळे पुसत आजी म्हणाली, "अजून कोणाचं उभं आहे, दाखवा."