कन्हानच्या पुलावर दोन बोटं काच

स्विच दाबला की दारातून ‘टक्’ असा आवाज यायचा, आणि बस. डाव्या बाजूची पुढची काच दोन बोटं उघडी राहून अडकली होती. ना वर, ना खाली. मे महिना. नागपूरचा मे काय सांगू, त्या आठवड्यात आमच्या कामठी रोडवर कावळे पायी चालत होते, उडाले तर पंख पोळतील म्हणून. अशा उन्हात माझं जुनं गिऱ्हाईक असलेले काका दुकानासमोर उभे राहून घड्याळ बघत होते आणि काकू सीटवरून हलायला तयार नव्हत्या.

माझं दुकान ऑटो इलेक्ट्रिकचं. गाडीत जे जे वायरने चालतं ते माझ्या ताब्यात. माझी ख्याती अशी आहे की गाडी चौकातून वळली की निम्मा बिघाड मला घाबरूनच दुरुस्त होतो. ही ख्याती मी स्वतः पसरवली आहे, म्हणजे बातमी पक्की समजा.

काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. गाडीला पंधरा वर्षं उलटून गेली, तरी सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक त्यांनी काढलेलं नव्हतं. आत धुळीचा कण गेला तर ते त्याला नावानिशी ओळखत असतील. एसी लावला की काच उघडायची नाही, हा त्यांच्या गाडीतला कायदा होता.

काका म्हणाले, "दुसऱ्या एका मेकॅनिकनं सांगितलं, मोटर गेली. नवी टाक अन् मोकळं कर गा. रामटेकले पोचायचं आहे."

रामटेकला त्यांची मुलगी मंजू दिलेली. त्या दिवशी तिचं डोहाळजेवण होतं. काकूंच्या मांडीवर हिरव्या साडीची पिशवी होती आणि त्या एकच गोष्ट सांगत होत्या, की काच पूर्ण खाली झाल्याशिवाय त्या कन्हान ओलांडणार नाहीत. आपल्याकडे नदी लागली की पुलावरून नाणं टाकतात, हात जोडतात, मनातलं मागतात. काकू दर खेपेला टाकत. पण काकांच्या कायद्यामुळे त्यांना काच मिळायची फक्त दोन बोटं. तेवढ्या फटीतून त्या नाणं बाहेर ढकलायच्या. गाडी थांबवा म्हटलं तर काका म्हणायचे, पुलावर थांबता येत नाही, मागून ट्रक असतात. आणि आज मंजूसाठी मागायचं होतं, म्हणून त्यांना हात बाहेर काढून नीट टाकायचं होतं.

पॉवर विंडोचं गणित सोपं असतं. स्विच करंट देतो, मोटर फिरते, मोटर एक दातेरी कैची हलवते, तिला आम्ही रेग्युलेटर म्हणतो, आणि ती कैची काच वर-खाली करते. काच ज्या रबरी खाचेतून सरकते ते चॅनल. बिघडायला एवढ्याच जागा आहेत.

मी आधी गाडीतला छताचा दिवा लावला आणि स्विच दाबला. दिवा मंद झाला. म्हणजे मोटर करंट ओढत होती, जोर लावत होती, फक्त हलू शकत नव्हती. मेलेली मोटर दिवा मंद करत नाही. मी म्हणालो, "काका, मोटर ठणठणीत आहे जी. तिचा पाय कशात तरी अडकला आहे."

मग मी स्विच दाबून धरला आणि दारावर एक थाप मारली. माझ्या थापेने वर्ध्यापर्यंतच्या गाड्या सुरू होतात. ही मात्र झाली नाही. उलट दाराच्या पोटात काहीतरी खुळखुळलं.

काका म्हणाले, "हा आवाज तर जुनाच आहे. मी समजलो, एखादा नट सुटला असंन."

मी दाराचा आतला पत्रा, म्हणजे ट्रिम, काढायला घेतला. स्क्रू काढले, क्लिपा सोडवल्या, आतला प्लास्टिकचा कागद हळूच सोलला. बॅटरी मारून बघितलं. रेग्युलेटरच्या दात्यांमध्ये एक नाणं उभं अडकलेलं होतं. आणि खाली दाराच्या तळाशी गाळात नाणीच नाणी. रुपया, दोन रुपये, काही जुनी, काही गंजून काळी पडलेली.

मला एका नजरेत कळलं. काचेला बाहेरून चिकटून एक रबरी पट्टी असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. नागपूरच्या उन्हाने ती वाळून काचेपासून सुटली होती. दोन बोटांच्या फटीतून ढकललेलं नाणं लांब जाणार कसं? वारा ते काचेवर दाबायचा, ते घसरत खाली यायचं आणि त्या वाळलेल्या पट्टीच्या मागून थेट दारात. नदीला काही पोचलंच नव्हतं.

काकांनाही कळलं. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, झाक. मी फडकं टाकायला हात पुढे केला. एरवी मी असा आहे की पंक्चर झालेल्या ट्यूबवर तासभर किस्सा सांगतो. त्या क्षणी मी फक्त फडक्याची घडी उलगडत होतो.

पण काकू उतरून माझ्या मागे येऊन उभ्या होत्या.

त्या खाली वाकल्या. एक नाणं उचललं, पदराने पुसलं. दुसरं उचललं. कोणी मोजलं नाही. मोजायची कोणाची छातीही नव्हती.

"पहिल्या वेळी मंजूले सातवा लागला होता," त्या म्हणाल्या, "तवाही मी टाकलं होतं. ते पण यातच असंन?"

पहिल्या वेळी मंजूचं मूल पोटातच गेलं होतं. हे मला काकांनी नंतर सांगितलं, पण त्या क्षणीही काकांचा चेहरा बघून सांगायची गरज उरली नव्हती.

काका म्हणाले, "असं कुठं असते का वं? नाण्यानं काही होत नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं ना."

"नाण्यानं नाही होत," काकू म्हणाल्या. "मी दोन मिनिटं थांबवा म्हणत होते. दरवेळी म्हणत होते."

 एवढा मोठा पाटबंधारे खात्याचा माणूस, पण डोक्यावर ऊन आहे हेही विसरून उभा होता.

मी दात्यांतलं नाणं चिमट्याने काढलं, गाळ साफ केला, दाराखालची पाणी निघायची भोकं मोकळी केली, चॅनलला सिलिकॉनचा फवारा मारला, पट्टी नवी लावली. काच लोण्यासारखी सरकायला लागली. सगळी नाणी काकूंनी पदरात बांधली, आणि म्हणाल्या, चला, उशीर होऊन राहिला. मी पट्टीचे तेवढे पैसे घेतले आणि बाकीचं राहू द्या म्हणालो. काकांनी घासाघीस केली नाही. त्यांच्याकडून ही गोष्ट पहिल्यांदा घडली.

दिवाळीच्या आधी काका हॉर्न दाखवायला आले. एकटेच. मंजूला मुलगी झाली होती, दोघी ठणठणीत. मी पेढा मागितला, त्यांनी दिलाही. मग मी विचारलं, काकू कशा आहेत.

काकांनी सांगितलं, डोहाळजेवणाच्या त्या दिवशी त्यांनी पुलाच्या मधोमध गाडी थांबवली होती. स्वतः हात लांब करून काच पूर्ण खाली केली. मागून ट्रकवाले शिव्या देत होते, तरी हलले नाहीत. म्हणाले, टाक, आरामात टाक. काकू मूठ मिटून समोर बघत बसल्या. टाकलं नाही. शेवटी ट्रकवाला खाली उतरला, तेव्हा काकांनी गाडी पुढे घेतली.

"आता नातीले भेटाले जाते, पण एष्टीनं जाते," काका म्हणाले. "म्हणते, त्या खिडकीतून हात बाहेर निघते. मी मागून गाडी घेऊन जातो. रिकामी."

ते बोलता बोलता डाव्या काचेचा स्विच दाबत होते. खाली, वर, पुन्हा खाली. काच कुठेही अडकली नाही. माझं काम आहे ते, अडकणार कशी?

मी हॉर्न करून दिला. त्या दिवसापासून जुन्या गाडीची काच अडकलेली आली की मी पत्रा उघडायच्या आधी विचारतो, या गाडीत काच खाली करा म्हणणारं कोण आहे आणि नको म्हणणारं कोण. गिऱ्हाईक हसतात. मीही हसतो आणि पाना उचलतो.