साहेब जेवत नाहीत

आमच्या कुत्र्याला सासरे ‘साहेब’ म्हणत. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि गावात जिकडे तिकडे साहेबच साहेब झाले. मी स्वतः शंकर नगरच्या एका नव्या सरकारी ऑफिसात त्यांच्या फायली सांभाळत होते. “तिकडे कमी पडले म्हणून घरीही एक पाळला का?” हा सासऱ्यांचा पहिला प्रश्न. सगळी नोकरी रेल्वेत काढलेले गृहस्थ. आमच्या नागपूरकडच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणायची. घरात कुत्रं नको म्हणून त्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं आणि ते आणणारी मी, त्यामुळे या विषयावर आमचं रोज एकदा तरी वाजायचं.

त्या हिवाळ्यात साहेबांनी अन्न सोडलं. घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकली की मगच कुत्र्याचं ताट भरायचं, हा सासूबाईंचा नेम होता. एरवी आमचे हात धुऊन होईपर्यंत तो शेपटीने दार बडवत राहायचा. आता दूध-पोळी पुढे ठेवली की नुसती हुंगायचा, आमच्याकडे बघायचा आणि पंजांवर मान टाकून पडायचा. मी अंडं उकडून दिलं, तर ते त्याने अंगणात नेऊन पुरलं.

दिवस असे की मनात वाईटच यायचं. ब्राह्मणपारा या आमच्या वस्तीत, आमच्या गल्लीतली रस्त्यावरची कुत्री एकापाठोपाठ एक मरून पडत होती, आणि कोणीतरी विष घालतंय अशी कुजबुज होती. माझा नवरा उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये होता. त्याने गच्चीवरची काळी धूळ बोटावर घेऊन मला दाखवली. “हेच जाऊन राहिलं त्याच्या पोटात,” म्हणाला. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. “जनावर घरावरचं आपल्या अंगावर घेते. काहीतरी येऊन राहिलं आपल्या घरावर.” त्यांनी कुत्र्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण ठसका कोणालाच लागला नाही. म्हणजे नजर जबरदस्त होती. सासूबाईंचा चेहरा उतरला. मी असलं काही मानत नाही, तरी त्या वेळी आपल्याला खोकला यावा असं मला फार वाटत होतं.

त्यातल्या त्यात समाधान मामाजींचं होतं. जन्मभर ताटात काही ना काही टाकून उठणारा आणि त्यापायी बोलणी खाणारा हा माणूस आता ताट लख्ख करून आणत होता. थंडी पडल्यापासून ते ताट घेऊन मागच्या अंगणात उन्हात जाऊन बसत. संध्याकाळचंही दिवेलागणीलाच तिथे उरकत, लवकर जेवलेलं पचतं म्हणून. सासूबाईंना गुडघ्यामुळे पायऱ्या उतरवत नसत. रिकामं ताट बघून त्या हरखून जात. “या वयात भूक उघडली यांची,” असं शेजारणीला सांगत आणि दुसऱ्या दिवशी एक पोळी जास्त वाढत, वर तूप. वरण तेवढं मामाजी पातळ मागत.

मी कुत्र्याला दवाखान्यात न्यायचं ठरवलं, तेव्हा मात्र मामाजी आडवे आले.

“त्याले काही झालं नाही. काहून नेता?”

“जेवत नाही म्हणून नेते.”

“खाईल. जनावर आहे, उपाशी मरत नाही.”

“तुम्हाला तो कधी आवडलाच नाही,” मी तोडून टाकलं. एरवी माझ्या एका वाक्याला चार ऐकवणारे मामाजी नुसते उठून अंगणात गेले. मला तेव्हा वाटलं, जिंकले.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने कुत्र्याचं पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या, आणि माझ्याकडे वेडी समजून बघितलं. “दीदी, ये तो मोटा हो रहा है। खूब खा रहा है। आपके यहाँ नहीं, तो कहीं और।”

परत येताना मी रिक्षात त्याला घट्ट धरून बसले. कुत्रा मांडीवर सुस्त पडला होता. त्याला दुसरंच कोणीतरी खाऊ घालत होतं. गल्लीत कुत्री मरत असताना आपल्या कुत्र्याला रोज पोटभर कोण घालतंय आणि कशासाठी, हे मला कळेना. आज अन्न आहे, उद्या त्यातच काय येईल याचा नेम काय? दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा टाकली, कोणाला न सांगता घरी आले आणि बोळातून मागच्या फाटकाशी गेले. पकडून चांगलं सोलायचं, एवढंच डोक्यात होतं.

अंगणात मामाजी खुर्चीवर होते. मांडीवर ताट, समोर कुत्रा. त्यांनी पोळीचा घास मोडला, वरणात भिजवला, तोंडात घातला. कितीतरी वेळ चावला. मग डोळे घट्ट मिटून, मान पुढे करून गिळायला गेले आणि घास तसाच हातात परत आला. तो त्यांनी रुमालात गुंडाळला. वाटीतलं वरण घोट घोट करून प्यायले. उरलेल्या पोळ्या भाजीसकट तुकडे करून कुत्र्याला भरवू लागले. कुत्र्याने तोंड फिरवलं, तेव्हा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “घे ना साहेब. इल्जाम तुझ्यावर येऊन राहिला, तरी घे.”

मी फाटक लोटून आत गेले. त्यांनी ताट लपवायचा प्रयत्न केला नाही.

“घास उतरत नाही बाई,” ते म्हणाले. “पाणी उतरते, वरण उतरते. दिवाळीपासून असंच आहे.”

“सांगितलं काहून नाही?”

“माझ्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. हे कुठं जाते, मले माहीत आहे.” त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “ताट परत गेलं असतं तर हिनं ओळखलं असतं. एवढा हिवाळा हिचा बरा जाऊ द्यायचा होता.”

मी त्यांचं मनगट धरलं. जाड स्वेटरच्या बाहीत माझी बोटं आतपर्यंत गेली आणि थेट हाडाला लागली. मला रडू फुटलं. त्यांनीच मला हळू रडायला सांगितलं, आत ऐकू जाईल म्हणून.

पण सासूबाईंना सांगावंच लागलं. त्या पोळपाट तसाच टाकून मामाजींजवळ जाऊन बसल्या. तपासण्यांसाठी नवरा दोघांनाही घेऊन नागपूरला गेला, आणि घरी मी आणि कुत्रा राहिलो. नवऱ्याचा फोन आला तेव्हा दुपार होती. “बाबा म्हणत होते तेच निघालं,” एवढंच म्हणाला.

फोन ठेवून मी कुत्र्याचं ताट भरलं. मागच्या अंगणात त्याला दुसरं कोणी घालणारं नव्हतं. त्याने एका दमात सगळं संपवलं, ताट चाटत चाटत भिंतीपर्यंत ढकलत नेलं आणि शेपटी हलवत माझ्याकडे बघायला लागला. मी आणखी एक पोळी टाकली. तीही त्याने खाल्ली. इतके दिवस त्याने एक घास खावा म्हणून आमचा जीव वरखाली होत होता. आता तो खात होता, आणि त्याने खाऊ नये, ताट तसंच ठेवून पडून राहावं, असं मला वाटत होतं.