युरियाची बादली आणि रुतलेली अंगठी

बाभुळगावच्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो आणि रविवारी शेतात जाऊन सगळ्यांच्या कामात लुडबूड करतो. त्या रविवारी कपाशीला खत देणं चाललं होतं. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलंय, असं मजूर बायांच्या म्होरक्या मावशींनी मला दोनदा बजावलं होतं. मी म्हटलं, "मले ओळखतात त्या."

पेटी उघडली आणि ओळखलंच. डंख नेमका अंगठीच्या बोटाला.

बघता बघता बोट वांग्यासारखं फुगलं, रंगही तोच. अंगठी मांसात रुतली. साबण लावून ओढली, तर सूज आणखीच वाढली. "चला सोनाराकडे, कापून घेऊ," बायको म्हणाली आणि तिने तोंड दुसरीकडे वळवलं. तिच्या वडिलांनी शेवटच्या आजारात स्वतःच्या बोटातून काढून मला दिलेली ती अंगठी.

"बर्फ पाहिजे," मी विद्वानासारखा बोललो. वर ऊन, आणि बर्फ थेट बाभुळगावात.

मावशींनी बादलीत दोन तांबे पाणी ओतलं. पोत्यातला युरिया ओंजळी-ओंजळीने टाकून ढवळला. "घाला हात."

घातला आणि शहारलो. माठातल्या पाण्याहून गार! विरघळताना युरिया पाण्यातली उष्णता ओढून घेतो. उष्माग्राही क्रिया! दरवर्षी फळ्यावर लिहितो, पेपरात दोन मार्कांना विचारतो. आणि इथे युरियाच्याच पोत्याला टेकून बर्फ मागत बसलो होतो.

"मावशी, तुमाले कसं माहीत?"

"इतकी वर्सं खत कालवून राह्यली, हात बधिर होते ना! तुमी कायले शिकवता मंग पोरायले?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

गारवा कमी झाला की मावशींना बोट बुडवताच कळायचं. थर्मामीटर वगैरे काही नाही. ते पाणी खत कालवायच्या ड्रमात, आणि बादलीत पुन्हा ताजं पाणी, ताजा युरिया. तिसऱ्या खेपेला बोटाची सूज उतरली. साबण लावला, अंगठी अख्खी बाहेर आली. बायकोने ती पदराच्या गाठीत बांधली. "आता ही माझ्याजवळ राहील."

माझ्यातला मास्तर तेवढ्यात जागा झाला. "तर मावशी, हे थंड काहून होते, सांगतो..."

"ते सोमवारी पोरायले सांगा. आधी ड्रमात पानी वाढवा. एवढा युरिया तुमच्या बोटापायी फेकून देऊ काय?"

मग मावशी डब्याने एकेका झाडाला ते खताचं पाणी घालत गेल्या आणि मी चांगल्या हाताने त्यांना डबे भरून देत राहिलो.