मोरचूद

आष्टीपासून कोसभर आत एका मठाची प्राथमिक शाळा होती. तिथं राधाकिसन गुरुजींनी एकवीस वर्षं पोरांना अभंग शिकवले. श्रावणातल्या सप्ताहात पहिला मान त्यांच्या चौथीच्या पाठांतराचा. मठाचे महाराज डोळे मिटून ऐकायचे आणि तेवढ्यावर गुरुजींचं वर्ष निघायचं.

सत्त्याऐंशी साली तिसरीवर कौसल्याबाई आल्या. त्यांनी पोरांना घरून मूठमूठ धान्य आणायला लावलं. मोठ्या पुठ्ठ्यावर खडूनं गोकुळ काढलं. ज्वारीच्या गाई, मुगाची झाडं, बाजरीची यमुना. एकेक दाणा चिकटवत पोरं बसली की मधल्या सुट्टीतही उठेनात. गुरुजींच्या वर्गातली पोरंसुद्धा अभंग अर्ध्यावर टाकून खिडकीशी जाऊ लागली. महाराज बघून गेले आणि म्हणाले, यंदा मंडपात आधी गोकुळ लावू, पाठांतर मागून.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी आपल्या वर्गाची खिडकी लावून घेतली.

त्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं, की बाई दाणे चिकटवायला कणकेची खळ शिजवतात पण तीत मोरचूद टाकत नाहीत. त्या निळ्या खड्याची चिमूटभर पूड पडली की खळीला झुरळ शिवत नाही. पोरांच्या पुस्तकांना पुठ्ठे घालताना गुरुजी ती न चुकता टाकत. पुडी त्यांच्याच कपाटात होती. त्यांनी खळीकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि वर्गात जाऊन अभंग सुरू केला. आवाज त्या दिवशी फार मोकळा लागला.

सप्ताह चार दिवसांवर आला आणि झुरळांनी गोकुळ खाल्लं. गाईंच्या पाठी उघड्या पडल्या, यमुना फरशीवर सांडली. तिसरीतली एक पोरगी बाईंना सांगत होती, की मी हात न धुता दाणे लावले, म्हणून देव कोपला.

हे ऐकून गुरुजी कपाटाकडं गेले. पुडी बाईंसमोर ठेवली आणि ती कशासाठी असते ते सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला म्हाईत होतं, गुरुजी?"

"होतं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"तुमचं नाव होऊन राह्यलं होतं, बाई."

कौसल्याबाईंनी पुडी उचलून घेतली. मग म्हणाल्या, चूल पेटवते, खळ तुम्ही घोटा.

मोरचूद विषारी, म्हणून गुरुजींनी खळीला पोरांचा हात लागू दिला नाही. स्वतः बोटानं खळ लावायची, पोरांनी वरून दाणे सोडायचे. चार दिवस दोन्ही वर्ग त्यातच गेले. चौथीचं पाठांतर कच्चं राहिलं. पाठांतराचा मान दुसरीच्या पोरांना गेला.

मंडपात महाराज गोकुळापुढून हलेनात. कौसल्याबाईंना मानाचा नारळ मिळाला. गुरुजी चपलांपाशी उभे होते. शेजारी त्यांची बायको गोपिकाबाई. ती हळूच म्हणाली, झालं ना आता मन हलकं?

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "अजून लई जळून राह्यलंय."

आणि ते गर्दीतून पुढं निघाले, कारण डावीकडच्या गाईचा कान सुटत आला होता.