सर्व्हर निवांत, रांग उभी

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून मी ऑफिसात अर्धी रजा टाकली होती. नवरा कामासाठी बाहेरगावी होता. दिल्लीतल्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीपासून ते हॉस्पिटल फार लांब नाही. कॅबमध्ये बसताना बाबांनी माझ्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "रजा आहे ना तुझी? मग हे ओझं कशाला?"

"असू दे बाबा. कधीही फोन येतो."

मी नोएडातल्या एका कंपनीत डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर आहे. माहिती जिथे साठवलेली असते तो सर्व्हर नीट चालतोय की नाही, हळू पडलाय का, लोकांना त्याच्यापर्यंत पोचता येतंय का, हे बघण्याचं काम. आम्ही निघालो होतो त्या हॉस्पिटलच्या नोंदणीचा डेटाबेससुद्धा आमच्याच टीमकडे होता. बाबांना याचं भारी कौतुक. ते केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले, सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले, आणि संध्याकाळी सोसायटीच्या बागेत भेटेल त्याला सांगायचे की उस अस्पताल का पूरा कंप्यूटर मेरी बहू देखती है. मी दोनदा समजावलं की पूर्ण कॉम्प्युटर नाही, फक्त डेटाबेस. त्यांना तो फरक फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

त्या हॉस्पिटलची गेले काही आठवडे एक तक्रार येत होती. सकाळी गर्दीच्या वेळी सिस्टीम अडकते, काउंटरवरच्या कॉम्प्युटरचं कनेक्शन मध्येच तुटतं. तक्रार आली की मी माझ्या स्क्रीनवरचे आलेख उघडायची. प्रोसेसरवर ताण नाही, मेमरी भरपूर, डिस्क शांत. सगळं हिरवं. मी उत्तर लिहायची, 'डेटाबेसच्या बाजूने अडचण दिसत नाही, कृपया नेटवर्क तपासावे.' नेटवर्कवाले लिहायचे, लाइन व्यवस्थित आहे. तक्रार बंद व्हायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडायची. यात मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. जे दिसत होतं तेच लिहीत होते.

हॉस्पिटलच्या नोंदणीच्या दालनात शिरलो तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. दाराशेजारी नवीकोरी यंत्रं उभी होती, स्वतःची नोंदणी स्वतः करण्यासाठी. लोक त्यांच्या पडद्यावर बोट दाबत होते, चाक फिरताना बघत होते, कंटाळून पुन्हा दाबत होते, आणि शेवटी येऊन रांगेत उभे राहत होते. आम्ही टोकन घेतलं. खुर्ची एकही रिकामी नव्हती. भिंतीशी एक बाई बसली होती, पन्नाशीची असेल, शेजारी तिचा नवरा. त्याचे पाय इतके सुजले होते की चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. तिनं बाबांकडे पाहिलं, स्वतः उठली आणि म्हणाली, "बैठ जाओ बाऊजी." बाबा नको नको म्हणाले आणि बसले. बोलता बोलता कळलं की ती दोघं दिल्लीच्या टोकाच्या नजफगढच्याही पुढून आली होती, त्याच डॉक्टरांसाठी, आणि त्यांचं टोकन आमच्या बरंच आधीचं होतं.

रांग हलत नव्हती. काउंटरवर चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली एक बाई होती. ती तिसऱ्यांदा कॉम्प्युटर बंद करून चालू करत होती. कोणीतरी विचारलं तर तिनं वर न बघता सांगितलं, "सर्वर डाउन है जी. हम क्या करें."

हे शब्द मी आयुष्यात शंभरदा ऐकले असतील. बँकेत, पासपोर्टच्या कार्यालयात, वीज बिलाच्या खिडकीवर. तेव्हा मीही इतरांसारखीच वैतागायची. आज मात्र मी खाली बघितलं आणि फोन चाळायला लागले, जणू मला ऐकूच आलं नाही.

बाबांनी मात्र ऐकलं होतं. त्यांनी त्या बाईला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "घबराइए मत. मेरी बहू है ना साथ में. यहाँ का सर्वर यही सँभालती है."

डोकी वळली. मी हळूच म्हटलं, "बाबा, अहो काय," पण उशीर झाला होता. रांगेतला एक माणूस शांतपणे म्हणाला, "अच्छा. तो रोज़ जो बंद रहता है, वो आप ही का है?" तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला, उत्तर मिळेल अशा अपेक्षेनं.

मी लॅपटॉप काढला, खुर्ची रिकामी नव्हती म्हणून भिंतीशी जमिनीवर बसले आणि फोनचं इंटरनेट जोडलं. आलेख उघडले. सगळं हिरवं. सर्व्हर अगदी निवांत होता. नेहमीचं वाक्य तोंडाशी आलं, की आमच्या बाजूने काही अडचण नाही. पण समोर ही माणसं उभी असताना ते बोलायचं कसं? माझ्या हातालाच लाज वाटली म्हणा, मी आलेख बंद केले आणि काउंटरवरचा प्रोग्राम ज्या वाटेनं सर्व्हरशी जोडला जातो त्या वाटेनं स्वतः आत जायचा प्रयत्न केला.

मला आत घेतलं नाही. जागा नाही, असा निरोप आला.

एका वेळी किती जणांनी सर्व्हरशी जोडलेलं असावं याला मर्यादा असते. ॲडमिनिस्ट्रेटरसाठी एक जागा राखून ठेवलेली असते, तिथून मी शिरले आणि कोण कोण जोडलेलं आहे ते पाहिलं. जवळजवळ सगळ्या जागा दाराजवळच्या त्या नव्या यंत्रांनी अडवल्या होत्या. कोणी पडद्याला बोट लावलं की यंत्र एक नवं कनेक्शन उघडत होतं आणि काम संपल्यावर ते सोडतच नव्हतं. ती सगळी कनेक्शनं काहीही न करता पडून होती. सर्व्हर निवांत होता, कारण त्याच्यापर्यंत कोणी पोचतच नव्हतं. मी इतके आठवडे आत काय चाललंय ते बघत होते. बाहेर किती जण खोळंबलेत हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

मी मॅनेजरना फोन लावला आणि ही पडून राहिलेली कनेक्शनं तोडू का, असं विचारलं. ते म्हणाले, "प्रोडक्शन है. क्लाइंट की मंज़ूरी के बिना कुछ किल मत करना. मेल डालो, मैं फ़ॉलो अप करता हूँ."

"सर, मैं यहीं बैठी हूँ, हॉस्पिटल में."

"ठीक है, पर प्रोसेस तो प्रोसेस है. इम्पॅक्ट कितना है?"

मी मान वर केली. त्या बाईचा नवरा आता भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता आणि ती त्याला एका कागदानं वारा घालत होती. मी तोंडाला हात आडवा धरला आणि म्हणाले, "कुछ यूज़र्स को दिक्कत है, सर."

मेल पाठवला आणि थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी रिकाम्या हातांनी लॅपटॉपकडे बघत होते. बाबांनी विचारलं, "काय गं, होत नाहीये का?"

"कळलंय काय झालंय ते. परवानगी यायची आहे."

"कोणाची?"

मी मेल पुन्हा तपासला. बाबांनी मान डोलावली. परवानगी म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

हॉस्पिटलकडून मंजुरी आली तोवर दालनातली काही माणसं कंटाळून निघून गेली होती. मी पडून राहिलेली कनेक्शनं तोडली. काउंटरवरच्या बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "आ गया." प्रिंटरचा आवाज सुरू झाला. मी तिला जाऊन सांगितलं की ती नवी यंत्रं बंद करा, नाहीतर थोड्या वेळानं पुन्हा हेच होईल. ती स्वतः उठून गेली आणि तिनं त्यांचे प्लग काढून टाकले.

परत येऊन बसता बसता ती म्हणाली, "मैडम, अंकल जी की पर्ची दीजिए. पहले आपकी कर देती हूँ. आपने इतना किया."

बाबा उठले. त्यांनी शर्ट सारखा केला आणि खिडकीशी गेले. लोकांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. मला बोलायला पुरेसा वेळ होता. पर्ची, म्हणजे टोकनाची चिठ्ठी, माझ्याच हातात होती. नको, नंबराप्रमाणे करा, एवढं म्हणायचं होतं. मी हात पुढे केला आणि पर्ची दिली.

डॉक्टरांनी बाबांना तपासलं, गोळ्यांमध्ये थोडा बदल केला, काळजीचं कारण नाही म्हणाले. आम्ही बाहेर येतो तोच डॉक्टरांना ऑपरेशनसाठी बोलावणं आलं आणि त्यांच्या मदतनिसानं दारात येऊन सांगितलं की आज आणखी कोणाला बघणार नाहीत, राहिलेल्यांनी गुरुवारी यावं. ती बाई एक्सरेची पिशवी घेऊन तिथेच उभी होती. तिचा नंबर लागला होता, नोंदणीची पर्ची हातात होती, फक्त आमच्यानंतर. तिनं नवऱ्याला उठवलं, चपला घालायला मदत केली. जाताना माझ्यापाशी थांबली.

"बेटी, बृहस्पतिवार को तो मशीन चलेगी ना?"

"हाँ जी," मी म्हटलं. "चलेगी."

मला तिच्या डोळ्यांत बघता आलं नाही. त्या दोघांना घरी सोडायला कॅब करून द्यावी, असं मनात आलं ते ती दोघं फाटकाबाहेर जाऊन दिसेनाशी झाल्यावर.

कॅबमध्ये बाबांनी औषधांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "त्यांचा नंबर आपल्या आधी होता."

"हो."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही उठलात, बाबा."

मला वाटलं दुखावले. पण ते म्हणाले, "हो, उठलो खरा. मला वाटलं, तू काम केलंस, तर आपला हक्कच आहे. आमच्या ऑफिसात असंच चालायचं. साहेबांचा माणूस आला की त्याची फाइल वर. मी घरी येऊन तुझ्या सासूबाईंना रोज सांगायचो, किती वाईट चाललंय म्हणून. आणि आज इतक्या सहज उठलो."

मी त्यांचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण घेतला नाही. सांत्वन करण्याइतकी माझी बाजू स्वच्छ नव्हती.

पुढचं ऑफिसचं काम सुरळीत झालं. यंत्रं बनवणाऱ्यांनी आपला प्रोग्राम दुरुस्त केला. कोणा एकानं सगळ्या जागा अडवू नयेत म्हणून मी सर्व्हरवर मर्यादा घातली, आणि बाहेर खोळंबलेल्यांची संख्या वाढली की मला कळेल अशी सूचना लावली. जे इतके आठवडे रखडलं होतं त्या कामाला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. मॅनेजरांनी सगळ्या टीमला मेल पाठवला. रजेवर असतानाही प्रत्यक्ष जागेवर जाऊन प्रश्न सोडवला, असं माझ्याबद्दल लिहिलं. गुरुवारी टीमची मीटिंग होती, तिथे त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मी बोलायला तोंड उघडलं. त्या जुन्या तक्रारी मीच बंद केल्या होत्या, जागेवर गेले ती सासऱ्यांना घेऊन गेले, आणि रांग मोडून आले, हे सगळं सांगायचं होतं. मी म्हटलं, "थँक यू, सर."

त्याच गुरुवारी बाबा मला न सांगता एकटेच मेट्रोनं हॉस्पिटलात गेले होते. मी घरी आले तेव्हा ते बाहेरचे कपडे न बदलता जेवणाच्या टेबलाशी बसले होते.

"आली होती ती," ते म्हणाले. "दोघंही आली होती. मशीन चालू होतं. डॉक्टरांनी बघितलं त्याला, ॲडमिट करून घेतलं."

"कसे आहेत ते?"

"चार दिवस आधी आला असता तर बरं, असं म्हणाले म्हणे. पण सुधारतील." ते थांबले. "मी तिची माफी मागितली. म्हटलं, उस दिन हम आपसे पहले चले गए, ग़लत हुआ."

"मग?"

"तिला आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतोय. मग म्हणाली, 'अरे बाऊजी, उसमें क्या. आपकी तो पहचान थी.'"

बाबांनी ते वाक्य अगदी तिच्यासारखं म्हटलं, साधेपणानं, तक्रारीचा सूर नसलेलं. तिला राग आला असता तर मला सोसवलं असतं. ओळख असणारा पुढे जातो, आणि नसणारा पुन्हा गुरुवारी येतो, हे तिला ठाऊकच होतं, आणि आम्ही त्यात काही वेगळं केलं नव्हतं.

मी चहा ठेवला. बाबा हात-पाय धुऊन आले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, बाबांची तब्येत विचारायला. फोन स्पीकरवर होता. बाबा म्हणाले, "उत्तम आहे. गोळ्या बदलल्या." मी म्हटलं, "काळजी करू नकोस." बाकीचं आम्ही दोघांनीही त्याला सांगितलं नाही.